मुतखड्याच्या होमिओपॅथिक थेंबांचं लेबल कसं वाचायचं? तळाचा गाळ, अल्कोहोल आणि कॅल्केरियाबद्दल प्रश्न

पारिजात

नमस्कार मंडळी. सासऱ्यांसाठी (वय ६४) मुतखड्यावरचे होमिओपॅथिक थेंब आणले आहेत. ३० मिलीची तपकिरी काचेची बाटली आहे. लेबलवर हे लिहिलंय:

प्रत्येक १० मिलीमध्ये
बर्बेरिस व्हल्गॅरिस क्यू : १ मिली
सार्सापरिला क्यू : १ मिली
हायड्रँजिया क्यू : १ मिली
लायकोपोडियम ६ एक्स : १ मिली
कॅल्केरिया कार्ब ८ एक्स : १ मिली
सिलिसिया १२ एक्स : १ मिली
बाकी पाणी व अल्कोहोल. अल्कोहोलचं प्रमाण ४५ टक्के.
मात्रा : १५ थेंब पाव कप पाण्यातून, दिवसातून तीन वेळा.

सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला ५.५ मिमीचा खडा आणि त्या बाजूच्या किडनीला थोडी सूज दिसली आहे. यूरॉलॉजिस्टनी टॅमसुलोसिन दिलंय आणि तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितलंय. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, शिवाय रक्त पातळ राहण्याची एक गोळी आहे.

माझे प्रश्न असे. क्यू, ६ एक्स, १२ एक्स म्हणजे नक्की किती औषध पोटात जातं? खडा कॅल्शियमचा असतो म्हणतात, मग औषधात कॅल्केरिया कसं चालतं? बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ आहे आणि पाण्यात टाकल्यावर पाणी किंचित दुधाळ होतं, म्हणजे औषध खराब आहे का? ४५ टक्के अल्कोहोल मधुमेहात चालेल का? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सासरे म्हणतात, "दुखायचं थांबलं, थेंब लागू पडले, आता सोनोग्राफी कशाला?"

खलबत्ता

ताई, औषधनिर्मितीच्या बाजूचं सांगतो. सोनोग्राफीबद्दल डॉक्टर मंडळी बोलतीलच.

तुमच्या लेबलवर दोन अगदी वेगळ्या जातींची द्रव्यं एकाच बाटलीत आहेत. क्यू म्हणजे मदर टिंक्चर, वनस्पतीचा मूळ अर्क. भारतीय होमिओपॅथिक फार्माकोपियाच्या पद्धतीत बहुतेक वनस्पतींच्या क्यूची ताकद एक दशांश धरतात. १०० ग्रॅम कोरड्या सालीपासून शेवटी १००० मिली अर्क, म्हणजे १ मिली क्यूमागे १०० मिग्रॅ साल. तिथून पुढे एक्स म्हणजे दर पायरीला दहापट विरलन. २ एक्स म्हणजे शंभरात एक, ३ एक्स हजारात एक, ६ एक्स दहा लाखांत एक. सी असेल तर दर पायरी शंभरपट. १२ सी म्हणजे एकावर २४ शून्यं, आणि अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा, म्हणजे पदार्थाच्या एका मोलमधल्या रेणूंची संख्या, एकावर २४ शून्यांच्याही जरा आतच येतो. म्हणून १२ सी किंवा २४ एक्सच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

आता तुमचे १५ थेंब. ढोबळमानाने ३० थेंबांचा १ मिली धरला तर १५ थेंब म्हणजे अर्धा मिली. त्यात प्रत्येक घटक एक दशांश, म्हणजे ०.०५ मिली.

बर्बेरिस क्यू : ५ मिग्रॅ सालीचा अर्क.
लायकोपोडियम ६ एक्स : ५० नॅनोग्रॅम.
कॅल्केरिया ८ एक्स : अर्धा नॅनोग्रॅम.
सिलिसिया १२ एक्स : पिकोग्रॅमचा विसावा भाग.

वजनाने मोजता येईल असं काही आहे ते वरच्या तीन क्यूंमध्येच. खालच्या तिन्हींचं प्रमाण इतकं कमी आहे की आजूबाजूच्या वस्तूच त्यांना झाकून टाकतात. लिटरमागे २० मिग्रॅ कॅल्शियम असलेलं साधं नळाचं पाणी घ्या. तुमच्या पाव कपात, म्हणजे ४० मिलीमध्ये, ०.८ मिग्रॅ कॅल्शियम आधीच आहे. थेंबांतल्या कॅल्केरियाच्या हे लाखो पट झालं. सिलिसियाचंही तेच. बाटलीच्या काचेतूनच जी सिलिका द्रवात उतरते ती लेबलवरच्या सिलिसियाहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे "कॅल्केरियाने खडा वाढेल का" या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं आहे.

लेबलवर ८ एक्स का आणि ७ एक्स का नाही, हेही सांगून ठेवतो, कारण त्यात खनिज औषधं कशी बनतात ते कळतं. कॅल्केरिया कार्ब म्हणजे शिंपल्याच्या मधल्या थरातलं कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्येही नाही. म्हणून आधी दुग्धशर्करेबरोबर खलतात. १ भाग द्रव्य, ९ भाग दुग्धशर्करा, आणि या ९ भागांचे तीन सारखे वाटे. पहिला वाटा खलात घालून त्यावर द्रव्य टाकायचं, ६ मिनिटं खलायचं, ४ मिनिटं खरवडून एकत्र करायचं, पुन्हा ६ आणि ४. मग दुसरा वाटा, मग तिसरा. असा एका पायरीला एक तास. याच क्रमाने ६ एक्सपर्यंत पूड करत जायची. मग १ ग्रॅम पूड ५० मिली शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात ५० मिली अल्कोहोल घालतात आणि बाटलीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवून जोरदार ठोके देतात. शंभरपट विरलन एका फटक्यात होतं, म्हणून ६ एक्स पुडीतून थेट ८ एक्स द्रव मिळतो. या वाटेने ७ एक्स द्रव निघतच नाही.

इथे चुकतं ते बहुतेक पाण्याच्या पायरीला. दुग्धशर्करा पाण्यात साधारण पाचास एक या प्रमाणात विरघळते, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाहीच. घाईने अल्कोहोल आधी घातलं किंवा पूड अर्धवट विरघळलेली असताना घातलं, तर पांढरे कण बाटलीच्या तळाला बसतात आणि औषध सगळीकडे सारखं राहत नाही. पावसाळ्यात दुग्धशर्करेला ओल धरली तर खलतानाच गुठळ्या होतात आणि द्रव्य त्या गुठळ्यांत अडकतं. लायकोपोडियमची गोष्ट आणखी वेगळी. ते शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीचे बीजाणू असतात, पिवळी भुकटी, इतकी तेलकट की पाण्यावर तरंगते. पुडीतून बनवायचं असेल तर खलताना ते बीजाणू फुटेपर्यंत दम धरावा लागतो.

आता तुमचा गाळ. तीन अर्क तीन वेगवेगळ्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये काढलेले असतात. ६० ते ६५ टक्क्यांत विरघळलेली राळ ४५ टक्क्यांच्या मिश्रणात आली की हळूहळू बाहेर पडते. सालीतलं टॅनिन अल्कलॉइडला धरून खाली बसतं. म्हणूनच मिश्रण केल्यावर ते दोन-तीन दिवस स्थिर ठेवून मगच गाळून भरायचं असतं. न थांबता भरलं की गाळण्याऐवजी तो गाळ ग्राहकाच्या घरी बसतो. थंडीत जास्त बसतो. पाणी दुधाळ होण्याचं कारण तेच, पाव कप पाण्यात अल्कोहोल एकदम खाली येतं आणि राळ बारीक कणांनी बाहेर पडते.

बाटली उजेडासमोर धरून तिरकी करा. तपकिरी, मऊ, हलवल्यावर सहज वर येऊन मिसळणारा गाळ असेल तर हलवून वापरा. पांढरे, वाळूसारखे कण असतील तर ती दुग्धशर्करा. कापसासारखे तंतू, पृष्ठभागावर साय किंवा आंबूस वास असेल तर बाटली टाकून द्या. ४५ टक्के अल्कोहोलमध्ये बुरशी धरत नाही, तेव्हा धरली असेल तर बाटलीत पाणी गेलंय किंवा अल्कोहोल लेबलवर आहे तेवढं नाही. निळसर काळा रंग आला असेल तर टॅनिनला कुठेतरी लोह भेटलंय.

रुग्णहित

पारिजात ताई, आधी सोनोग्राफीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला खरा धोका तिथेच आहे.

दुखणं थांबणं आणि खडा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडा मूत्रनलिकेत अडकला की वर लघवी तुंबते, किडनीच्या आवरणाला ताण बसतो, त्याची ती कळ असते. तुंबा तसाच राहिला तर काही काळाने किडनी लघवी गाळणंच कमी करते, आतला दाब उतरतो आणि कळ थांबते. माणसाला वाटतं बरं झालं. आत मात्र किडनी मुकाट्याने झिजत असते. अडथळा काही आठवडे राहिला तर गेलेलं काम परत येईलच असं नाही. तुमच्या सासऱ्यांच्या रिपोर्टमध्ये सूज आधीच लिहिलेली आहे, वर मधुमेह. म्हणून तीन आठवड्यांची सोनोग्राफी थेंबांनी गुण आला की नाही हे बघण्यासाठी नाही, किडनी मोकळी झाली का हे बघण्यासाठी आहे. त्यांना याच शब्दांत सांगा.

याच काळात थंडी वाजून ताप आला, लघवी अगदी कमी किंवा बंद झाली, उलट्यांमुळे पाणीही टिकेना, किंवा कळ गोळ्यांना दाद देईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर तासांचा हिशेब असतो. मधुमेह्याला तर फारच.

आता थेंब लागू पडले की नाही. मूत्रनलिकेतले ५ मिमीपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात, ५ ते १० मिमीतलेही निम्म्याच्या आसपास पडतात. खालच्या टोकाचा खडा वरच्यापेक्षा लवकर पडतो. टॅमसुलोसिन त्या टोकाचे स्नायू सैल करतं. इतकं सगळं चालू असताना थेंबांचा वाटा वेगळा काढता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारासाठी सापडला नाही. खडा फोडण्याचं किंवा विरघळवण्याचं काम हे थेंब करतात असं मानून चालू नका. टॅमसुलोसिन बंद करू नका. रात्री झोपताना घेतलेलं बरं, कारण ते रक्तदाब उतरवतं आणि एकदम उठलं तर भोवळ येते.

वनस्पती-अर्काचं बघू. बर्बेरिसमध्ये बर्बेरीन असतं, आपल्या दारुहळदीत असतं तेच. बर्बेरीन साखर उतरवतं आणि यकृतातली काही औषधं पचवणारी विकरं मंदावतं. पण खलबत्ता यांनी काढलेल्या हिशेबाने दिवसाला १५ मिग्रॅ साल जाते, तिच्यातलं बर्बेरीन फार तर मिग्रॅच्या घरात. बर्बेरीनच्या अभ्यासांत ५०० मिग्रॅ दिवसातून दोन-तीनदा दिलेलं असतं. तेव्हा या मात्रेत मेटफॉर्मिनशी झगडा होईल असं वाटत नाही. काळजी तेव्हा, जेव्हा कुणी "मुतखड्याला बर्बेरिस क्यू" म्हणून निव्वळ मदर टिंक्चर चमच्याने घेतं. तिथे मात्रा शंभरपट वाढते. गरोदरपणी आणि तान्ह्या बाळाला बर्बेरीनचं काहीही देऊ नये. बाळाच्या रक्तात ते बिलिरुबिनला (काविळीतल्या पिवळ्या द्रव्याला) त्याच्या जागेवरून हलवतं आणि कावीळ मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते.

रक्त पातळ राहण्याची गोळी कोणती ते कळवा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर या मात्रेत फारशी अडचण नाही. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम असेल तर कोणताही नवा वनस्पती-अर्क सुरू झाल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) नेहमीपेक्षा लवकर करून घ्यावा. आणि एक, ती गोळी चालू असताना लघवीतून गुठळ्यांसारखं रक्त आलं तर वाट बघायची नाही.

अल्कोहोल : अर्ध्या मिलीत ४५ टक्के म्हणजे साधारण ०.१८ ग्रॅम. दिवसाला अर्धा ग्रॅमच्या जरा वर. ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅमच्या आसपास असतं. मधुमेहाच्या दृष्टीने हे नगण्य आहे आणि थेंबांतली दुग्धशर्कराही तितकीच नगण्य. अजिबात चालत नाही ते दारू सोडण्यासाठी डायसल्फिरॅम घेणाऱ्यांना. दारू सोडलेल्या माणसाला तर जिभेवरची चवही देऊ नये. गाडी चालवायची असेल तर थेंब घेतल्यावर चूळ भरून पंधरा मिनिटं थांबावं, तोंडात राहिलेलं अल्कोहोल श्वासाच्या यंत्रावर जास्त दिसतं.

दूध बंद करू नका, हे मुद्दाम सांगतो. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असला तरी आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. दूध-दही तोडलं की ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि खडे वाढतात. कमी करायचं ते मीठ, लोणचं, पापड. पाणी इतकं प्यायचं की दिवसाला निदान अडीच लिटर लघवी व्हावी. हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर आधी त्यांना विचारा.

लघवी जुन्या गाळणीतून किंवा मलमलीतून करायला सांगा. खडा सापडला तर कोरडा करून डबीत ठेवा आणि लॅबला द्या. खडा कशाचा ते कळलं की पुढचं पथ्य नेमकं ठरतं.

शाहूपुरी

होमिओपॅथीची बाजू मांडते. पुराव्याबद्दल रुग्णहित यांच्याशी माझं पूर्ण जुळणार नाही, पण अडलेल्या किडनीबद्दल त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीशी मी सहमत आहे. सूज असलेल्या रुग्णाला सोनोग्राफीशिवाय नुसत्या थेंबांवर ठेवणं हे होमिओपॅथीतही चूकच आहे.

असे मिश्रणाचे थेंब म्हणजे शास्त्रोक्त होमिओपॅथी नव्हे. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचा दंडक एका वेळी एकच औषध असा होता. डाव्या बाजूला कळ कंबरेतून मांडीकडे उतरते, हालचालीने वाढते, तिथे बर्बेरिस. उजव्या बाजूची कळ, लघवीत लाल वाळू, दुपारनंतर त्रास, तिथे लायकोपोडियम. लघवीच्या शेवटी जळजळ, तिथे सार्सापरिला. मिश्रणात या सगळ्यांना एकत्र कोंबलेलं असतं, म्हणजे रुग्ण न बघता आजाराच्या नावावर दिलेलं औषध. गुण आला तरी कशाने आला ते कळत नाही, त्रास झाला तरी कळत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. लोक "होमिओपॅथी म्हणजे साखरेच्या गोळ्या, अपाय होणारच नाही" असं धरून चालतात. पोटेन्सी (क्यू, ३ एक्स, ३० सी अशी विरलनाची पायरी) न बघता असं म्हणू नये. आर्सेनिकम अल्बम ३० सीमध्ये, जे २०२० मध्ये घरोघर वाटलं गेलं, सोमल (आर्सेनिक) शिल्लक नसतो. पण ३ एक्समध्ये ग्रॅममागे १ मिग्रॅ सोमल असतो आणि तो विषारीच आहे. पारा, सोमल, बचनाग, बेलाडोना, कुचला यांपैकी काही लेबलवर असेल आणि पुढे क्यू ते ५ एक्स असं लिहिलं असेल तर जाणत्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांना तर नाहीच. तुमच्या बाटलीत यातलं काही नाही.

सार्सापरिला वाचून काही जण घरची अनंतमूळ उकळून देतात. सार्सापरिला स्मायलॅक्स वर्गातली वेल, अनंतमूळ वेगळ्याच कुळातलं. बाजारात दोन्हींना एकच नाव चालतं म्हणून गोंधळ होतो. तसंच बर्बेरिस व्हल्गॅरिसच्या जागी दारुहळद गेली तर पिवळ्या रंगावरून ओळखू येत नाही, कारण बर्बेरीन दोघांतही आहे.

अल्कोहोल नकोच असेल तर थेंब गोळ्यांवर टाकून घेता येतात, पण मधुमेह्याला मी ते सुचवत नाही. त्या गोळ्या उसाच्या साखरेच्या असतात. शिवाय तुमच्या मिश्रणात पाणी बरंच आहे. ४५ टक्क्यांचं औषध गोळ्यांवर टाकलं की गोळ्या विरघळून चिकट लगदा होतो. गोळ्यांना ९० टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल लागतं.

काउंटरवरून

खरेदी आणि मोजणी, एवढ्यापुरतं लिहितो.

१५ थेंब म्हणजे किती, हे ड्रॉपरवर ठरतं. पाण्याचे साधारण २० थेंबांना १ मिली होतो, पण अल्कोहोलचा पृष्ठताण कमी असल्याने त्याचा थेंब लहान पडतो आणि त्याच ड्रॉपरने मिलीला दीडपट-दुप्पट थेंब लागतात. घरी तपासायचं तर कोरड्या वाटीत ६० थेंब पाडा, सुई नसलेल्या २ मिली सिरिंजमध्ये ओढा आणि आकडा वाचा. ६० भागिले तो आकडा, म्हणजे मिलीला किती थेंब ते कळतं. मोजलेले थेंब टाकून द्या, बाटलीत परत ओतू नका. थेंब पाडताना बाटली उभी धरायची, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो.

ड्रॉपर जिभेला लावायचा नाही. रबराचा फुगा सतत अल्कोहोलच्या वाफेत राहिला की मऊ होऊन चिकट पडतो, म्हणून ड्रॉपरची बाटली आडवी ठेवू नये. बूच घट्ट. सैल राहिलं की अल्कोहोल आधी उडतं, मग गाळ वाढतो. गाडीच्या डॅशबोर्डवर, गॅसजवळ, देवघरात समईशेजारी ठेवू नका, ४५ टक्के अल्कोहोल पेट घेतं.

चहातून, दुधातून देऊ नका. चहातलं टॅनिन अर्काला धरून खाली बसतं. साधं पाणी, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर. विरळ न करता जिभेवर टाकले तर तोंड आलेल्या माणसाला चांगलंच झोंबतं.

लेबल तपासताना बघा : होमिओपॅथिक औषध असे शब्द, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, अल्कोहोलची टक्केवारी. मिश्रण असेल तर प्रत्येक घटकाची पोटेन्सी आणि प्रमाण लिहिणं बंधनकारक आहे. नुसतं "वनस्पती व खनिजांचे गुणकारी थेंब" असं लिहून आकडे दिले नसतील तर ती बाटली घेऊ नका, कारण आत क्यू आहे की ३० सी ते कळायला मार्गच राहत नाही. १२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध किरकोळीत ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत विकायला औषध नियमांत मनाई आहे. रुग्णालयं आणि दवाखान्यांना तेवढी १०० मिलीपर्यंत सवलत. तेव्हा कुणी असल्या तीव्रतेची १०० मिलीची बाटली घरगुती वापराला देत असेल तर तिथेच शंका घ्यावी.

आणि जाहिरात. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या यादीत मूत्रपिंड, पित्ताशय आणि मूत्राशयाचे खडे आहेत. "सात दिवसांत मुतखडा पाडू" अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे बॅच क्रमांक, बिल आणि जाहिरातीचा फोटो जोडून तक्रार देता येते.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी क्लोपिडोग्रेल आहे. ६० थेंब मोजले, सिरिंजमध्ये १.६ मिली भरले. गाळ तपकिरी, हलवला की मिसळतो. थेंब कमी भरतात म्हणून वाढवायचे का? आणि सोनोग्राफीला ते तयार झालेत, पण पोट रिकामं हवं की लघवी रोखून जायचं?

काउंटरवरून

१.६ मिली म्हणजे मिलीला साडेसदतीस थेंब. १५ थेंबांचे ०.४ मिली होतात. वाढवू नका, लेबलवर थेंब लिहिलेत तर थेंबच. दिवसाला १.२ मिली, म्हणजे बाटली २५ दिवस जाईल. दुसरी बाटली आत्ताच आणून ठेवू नका, सोनोग्राफी त्याआधीच आहे.

रुग्णहित

लघवी रोखून जायचं. मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाचा खडा भरलेल्या मूत्राशयाच्या मागूनच नीट दिसतो. तासभर आधी चार ग्लास पाणी प्यायचं आणि तपासणी होईपर्यंत लघवीला जायचं नाही. फक्त किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी असेल तर उपाशी राहायची गरज नाही, मधुमेह्याने तर राहूच नये. मेटफॉर्मिन नेहमीप्रमाणे. पूर्ण पोटाची सांगितली असेल तर केंद्रावर विचारून सकाळची पहिली वेळ घ्या.

जाताना जुना रिपोर्ट न्या, म्हणजे सूज वाढली की उतरली ते त्याच्याशी ताडून बघतील. मूत्राशयात लघवी उजव्या बाजूने झेपावताना दिसते का, हे डॉप्लरवर (सोनोग्राफीतच प्रवाह दाखवणाऱ्या सोयीवर) बघायची विनंती करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि नलिका मोकळी आहे की नाही ते त्यावरून बरंच कळतं. खडा दिसला नाही पण सूज तशीच असेल तर "पडला असेल" म्हणून सोडू नका, यूरॉलॉजिस्ट शिरेतून औषध न देता केलेला साधा सीटी स्कॅन सांगतील, तो करून घ्या. आणि थेंबांची बाटली बरोबर न्या, चालू औषधांच्या यादीत त्यांना ती लिहून घेऊ दे. खडा काढायची वेळ आली तर क्लोपिडोग्रेल कधी थांबवायची हे यूरॉलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील, घरी बंद करू नका.